आठ क्विंटलच्या पैशात घेतलेला ऑल-इन-वन

जानेवारीत सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, दिलेल्या कापसाचे पैसे खात्यात आले, त्याच संध्याकाळी मी घरात विषय काढला. यंदा आठ क्विंटलचा पैसा बाजूला ठेवायचा आणि घरी संगणक आणायचा. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. आठ क्विंटलचे साठ हजार आणि वर थोडे. बायकोने पोळी लाटता लाटता विचारलं, "कामासाठी की खेळासाठी?" मी म्हटलं, दोन्हीसाठी, पण आधी खेळासाठी. तिने पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मंग बचत गटाचा हिशोबबी त्याच्यावरच झाला पायजे. अन् घरात तारांचं जंजाळ नको." पुढे महिनाभर मी जे शोधत फिरलो त्यातली निम्मी निवड या दोन वाक्यांनीच करून टाकली होती.

आमचं गाव हिंगणघाटपासून चौदा किलोमीटरवर. मी आणि धाकटा भाऊ शाळेत होतो तेव्हा बाबा कापसाची बंडी घेऊन मार्केटला निघाले की आम्हीही वर चढून बसायचो. लिलाव, काटा, पैसे हे सगळं होईस्तोवर दुपार कलायची. बाबा आलुबोंडे खायला पैसे देत. ते पैसे घेऊन आम्ही जवळच्या एका सायबर कॅफेत जायचो आणि तासाचे पंधरा रुपये देऊन एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग खेळायचो. शेजारशेजारच्या दोन मशीन, मध्ये लॅनची तार. तो घोडदळ काढायचा, मी भिंती बांधत बसायचो. आता तो पुण्यात नोकरीला आहे. फोनवर आमचं बोलणं पाऊस आला का, बाबांचं बीपी किती, इथवर येतं आणि थांबतं. गेल्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर तोच खेळ दिसला. मूळ खेळ १९९९चा, २०१९ मध्ये त्याची नवी डेफिनिटिव्ह एडिशन निघाली. परत जाताना एसटीत चढण्याआधी तो म्हणाला, "दादा, तू एक मशीन घे. दर रविवारी रात्री बसत जाऊ." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पोरगी पाचवीत आहे. तिला माइनक्राफ्ट हवं होतं, ठोकळ्यांनी घरं-गावं बांधायचा खेळ. मला स्वतःला अधूनमधून क्रिकेटचा एखादा खेळ. आमची गरज एवढीच. नवे मोठमोठे खेळ, ज्यांना पडद्यावर चित्र काढणाऱ्या स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय पानही हलत नाही, ते आम्हाला नको होते. ही मर्यादा मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवली आणि तिचा पुढे फार उपयोग झाला. दुकानात गेलं की माणसाची गरज आपोआप वाढते.

भावाचं मत टॉवरचं होतं. सुटे भाग जुळवून केलेला संगणक. खेळापुरतं बोलायचं तर त्याचं बरोबर आहे, आणि ज्याच्या घरी जागा, वीज आणि दुरुस्ती करणारा माणूस आहे त्याने टॉवरच घ्यावा असं मीही सांगेन. तेवढ्याच पैशात त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसतं आणि चार वर्षांनी ते काढून दुसरं लावता येतं. ऑल-इन-वन म्हणजे पडदा आणि संगणक एकाच तुकड्यात, आणि त्यात पडद्याच्या पाठीमागे बहुतेक वेळा लॅपटॉपचंच पोट असतं. प्रोसेसर लॅपटॉपचा, रॅम लॅपटॉपची, आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच मुरलेलं. आज जे घेतलं तेच शेवटपर्यंत.

तरी मी ऑल-इन-वनकडे वळलो, कारण घर माझं आहे आणि त्या घराची मला माहिती आहे. सपरी, समोरची खोली, माजघर आणि स्वयंपाकघर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समोरच्या खोलीत कापूस भरलेला असतो, भाव पाहून विकायचा म्हणून. त्या दिवसांत घरात जिथे बोट फिरवाल तिथे बारीक तंतू लागतात. टॉवरला तीन-चार पंखे असतात आणि ते हवेसोबत हे तंतूही आत ओढतात. दुसरी गोष्ट विजेची. ग्राफिक्स कार्ड असलेला टॉवर खेळ चालू असताना सहज दोन-अडीचशे वॅट ओढतो, वर मॉनिटर वेगळा. ऑल-इन-वनचा अडॅप्टरच मुळी ९० वॅटचा, आणि प्रत्यक्षात खेळताना पडद्यासकट साठ-सत्तर वॅट. आमच्या घरी एक इन्व्हर्टर आणि १५० एएचची एक बॅटरी आहे. त्यावर पंखे, दिवे आणि राउटर चालवून संगणकही चालवायचा तर हा फरक लहान नाही.

लॅपटॉपचा विचार केला होता. पण पंधरा इंची पडद्यावर मान खाली घालून पोरगी दोन तास बसणार हे मला पाहवत नाही, आणि एका जागी न राहणारी वस्तू आमच्या घरी दिवाणावरून खाली पडते. संगणकाची जागा एक असावी, सगळ्यांना दिसेल अशी असावी, हे बायकोचं आणि माझं एकमत होतं. पोरगी काय खेळते, कोणाशी खेळते, हे येता-जाता दिसलं पाहिजे.

हिंगणघाटच्या एका दुकानात वापरलेला ऑल-इन-वन १८ हजारांत मिळत होता. दिसायला चकचकीत, आत इंटेलचा सातव्या पिढीचा कोर आय५ प्रोसेसर. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. म्हणजे आठ-नऊ महिन्यांत सुरक्षेचे अपडेट बंद पडणारं यंत्र, आणि त्यावर बचत गटाच्या बँकेचे व्यवहार. मी नमस्कार करून निघालो.

दुसऱ्या दुकानात मात्र माझं मन जवळजवळ बसलं होतं. नवा, २३.८ इंची पडदा, पांढऱ्या रंगाचा, ४५ हजार. दुकानदार म्हणाला, "भाऊ, रायझन फाइव्ह आहे, सात हजार सिरीज. याच्यावरतं काय पाहा लागते?" मी खिशातून दहा हजार काढून इसार देण्याच्या बेतात होतो. सवयीने खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढून भावाला पाठवला. दोन मिनिटांत त्याचा फोन. "दादा, थांब. पूर्ण नंबर वाच."

लेबलवर रायझन ५ ७५२०यू होतं. तिथे उभ्या उभ्या त्याने मला तो आकडा वाचायला शिकवलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या सात हजारांच्या लॅपटॉप मालिकेत तिसरा अंक पाहायचा. तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २, जी रचना पहिल्यांदा २०१९ मध्ये आली. ७५३०यूमधला ३ म्हणजे झेन ३. दोन्हींच्या खोक्यावर "रायझन ५" हेच मोठ्या अक्षरात. पण ७५२०यूच्या ग्राफिक्समध्ये चित्र काढणारे कंप्यूट युनिट फक्त २ आहेत आणि ७५३०यूमध्ये ७. शिवाय ७५२०यूसोबत येणारी रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. ८ जीबी घेतली की ८ जीबीच, नंतर वाढवायला खाचच नाही. हिशोब, अभ्यास, व्हिडिओ यांना ते यंत्र पुरेल. खेळासाठी घेणाऱ्याने मात्र तो एक अंक वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मी इसार दिला नाही.

त्यानंतर पंधरा दिवस रात्री जेवण झाल्यावर मी फोनवर हेच वाचत बसलो. इंटेलकडेही अशीच अडचण निघाली. कोर आय५-१३३५यू आणि कोर आय५-१३४२०एच ही दोन नावं ऑल-इन-वनमध्ये वारंवार दिसत होती. एच म्हणजे जास्त ताकदीचा, असं सगळे सांगतात आणि प्रोसेसरपुरतं ते खरंही आहे. पण आतल्या ग्राफिक्सचे एक्झिक्युशन युनिट (चित्र काढणाऱ्या भागांचं इंटेलकडचं नाव) मोजले तर १३३५यूमध्ये ८० आणि १३४२०एचमध्ये ४८. एच मालिकेतल्या यंत्रांना बहुतेक वेळा वेगळं ग्राफिक्स कार्ड जोडतात, म्हणून आतलं लहान ठेवलं असावं असा माझा अंदाज. ते वेगळं कार्ड नसेल तर आपल्यासारख्याला यूच बरा.

आणि तिसरी गोष्ट रॅमची. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. रॅमची पट्टी एकच असेल तर वाट एकेरी. विहीर तुडुंब भरलेली आहे, पण पाइप बारीक आहे, मग ओलित होणार तेवढंच. सारख्या दोन पट्ट्या लावल्या की पाइप दुप्पट होतो. इंटेलच्या बाबतीत तर हे नावातच दिसतं. १३३५यूमधल्या ग्राफिक्सचं नाव आयरिस एक्सई, पण एकाच पट्टीवर ते यंत्र स्वतःला नुसतं यूएचडी ग्राफिक्स म्हणवतं. कंपन्या खोक्यात बहुधा ८ जीबीची एकच पट्टी घालतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न असा विचारायचा: आत रॅमच्या खाचा किती आहेत, आणि त्यातली एक रिकामी आहे का?

फेब्रुवारीच्या मध्यात तुरीची कापणी आटोपली आणि मी नागपूरला गेलो. सोबत भावाने पुण्याहून कुरियरने पाठवलेली एक्स्टर्नल एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायची साठवण डिस्क. त्यात त्याने एज ऑफ एम्पायर्स आणि माइनक्राफ्ट भरून दिलं होतं. दुकानात बसून इतके जीबी उतरवणं शक्य नव्हतं, आणि आमच्या गावच्या नेटवर तर त्याला रात्र गेली असती. सीताबर्डीच्या बाजारात तीन दुकानं फिरलो. पहिल्या दोघांनी यंत्र लावून दाखवलं, व्हिडिओ चालवून दाखवला, पण स्वतःचा खेळ चालवू द्यायला तयार झाले नाहीत. मी जास्त आग्रह केला नाही. साठ हजाराची वस्तू चालवून पाहू देत नाहीत तिथे ती घ्यायची नाही, एवढंच ठरवलं.

तिसऱ्या दुकानातला पोरगा माझ्यापेक्षा लहान, पंचविशीचा. माझ्या हातातली एसएसडी पाहून त्याचा चेहराच बदलला. "एज खेळता काय भाऊ तुम्ही? बसा ना मंग." त्याने डेमोचा ऑल-इन-वन समोर ओढला. आय५-१३३५यू, ८ जीबीची एक पट्टी, ५१२ जीबी एसएसडी. मी फोनचा हॉटस्पॉट लावला, खेळ ज्यातून चालतो त्या स्टीम ॲपमध्ये शिरलो, एसएसडीवरचं फोल्डर जोडलं. यंत्रात आत काय आहे ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला तर तिथे खरंच इंटेल यूएचडी ग्राफिक्स लिहिलेलं.

एज ऑफ एम्पायर्सच्या या नव्या एडिशनमध्ये यंत्राची परीक्षा घेणारा बेंचमार्क आतच आहे. रँकच्या सामन्यांसाठी त्यात १,००० गुण लागतात. पहिल्या वेळी यंत्र जेमतेम वर गेलं, पण मोठ्या लढाईच्या दृश्यात पडदा अडखळत होता. घोडे धावत नव्हते, उड्या मारत होते. माइनक्राफ्टमध्ये सेकंदाला तीसच्या आसपास फ्रेम, म्हणजे चित्रं, आणि मान पटकन वळवली की झटका. पोरीने तक्रार केली नसती. पण मला ते खटकत होतं.

पोराने यंत्र बंद केलं, पडद्याखाली मऊ कापड अंथरून ते पालथं ठेवलं, मागचं झाकण सोडवलं आणि आधीसारखीच ८ जीबीची दुसरी पट्टी रिकाम्या खाचेत बसवली. दहा मिनिटांचं काम. पुन्हा चालू केलं. टास्क मॅनेजरमध्ये आता आयरिस एक्सई. काहीही नवीन विकत न घेता यंत्राचं नाव बदललं होतं, फक्त एक पट्टी वाढली होती. मी मुद्दाम तीच लढाई पुन्हा लावली. घोडे धावले. माइनक्राफ्टमध्ये तीच जागा, तेच सेटिंग, फ्रेम साठीच्या वर. मी व्हिडिओ काढून भावाला पाठवला. त्याने फक्त लिहिलं, "घे."

घेण्याआधी आणखी काही गोष्टी पाहिल्या. टच स्क्रीन नको म्हटलं, त्याचे पैसे वाचले. पडदा मॅट होता. आमच्या माजघरात दाराचा उजेड सरळ आत येतो, चकाकत्या काचेवर खेळापेक्षा अंगणच जास्त दिसलं असतं. चित्र नेणारी तार जोडायचं एचडीएमआयचं तोंड फक्त बाहेर देणारं आहे की आत घेणारंही, हे विचारलं. आत घेणारं असेल तर उद्या आतला संगणक मेला तरी पडदा मॉनिटर म्हणून वापरता येतो. ऑल-इन-वनमध्ये एक भाग गेला की सगळंच अडतं, म्हणून ही सोय मला मोठी वाटते. मी घेतलेल्या यंत्रात ती आहे. सोबत मिळणारा वायरलेस माऊस खेळाला हलका वाटला, म्हणून चारशे रुपयांचा तारेचा माऊस वेगळा घेतला. एक तार बायकोने चालवून घेतली.

वॉरंटीवर मात्र थोडं थांबून सांगतो, कारण खेड्यातल्या माणसाचं नुकसान तिथे होतं. खोक्यावर ऑन-साइट लिहिलेलं असतं. मी दुकानातूनच दोन कंपन्यांच्या हेल्पलाइनला फोन लावले आणि आमचा पिनकोड सांगितला. एकीने सांगितलं की या पिनकोडला माणूस येणार नाही, यंत्र नागपूरला आणून द्यावं लागेल. दुसरीने चार ते पाच दिवसांत माणूस येईल असं सांगितलं आणि तक्रार कशी नोंदवायची तेही समजावलं. दुसरीचंच यंत्र घेतलं. वाढवलेली रॅम बिलात लिहून घेतली आणि तिच्यामुळे वॉरंटीला बाधा येत नाही हे फोनवर विचारून घेतलं. यंत्राचे ५७,९०० आणि रॅमचे १,७००. आठ क्विंटलच्या आतच बसलं.

खोकं एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या जागेत उभं ठेवून आणलं. जांबपर्यंत मी त्याला हात लावून बसलो होतो.

घरी आल्यावर दुसरं प्रकरण सुरू झालं, ज्याबद्दल कुठलाच दुकानदार बोलला नव्हता. यंत्र लावलं, पोरीने स्टँडच्या धातूला हात लावला आणि "बाबा, मुंग्या येऊन राहिल्या" म्हणून हात मागे घेतला. मी लावून पाहिला. खरंच झिणझिण्या. यंत्रात दोष नव्हता. आमच्या घरात बोर्डाला तीन भोकं आहेत, पण तिसऱ्या भोकाची तार भिंतीतच कुठे तरी संपली होती. घर बांधलं तेव्हा अर्थिंग कोणी केलंच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही मिक्सर, फ्रिज, कूलर असेच वापरत होतो, आणि पावसाळ्यात कूलरला हात लावला की झटका बसतो हे घरात सगळ्यांना "असतंच" म्हणून माहीत होतं. पोरीच्या बोटांनी ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनला बोलावलं. घरामागे न्हाणीच्या पाण्याजवळ, जिथे जमीन ओलसर राहते, तिथे खड्डा खणला, पाइप गाडला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि तांब्याची तार आत आणून प्रत्येक बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला जोडली. मग त्याने टेस्टचा १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावून दाखवला. बल्ब पूर्ण पेटला. आधी तोच बल्ब मिणमिणतही नव्हता. सामान आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. तुम्ही संगणक घ्या अथवा न घ्या, पण एवढं करून घ्या. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत राहायचं.

मग विजेचं. पहिल्याच रविवारी भावासोबत बसलो आणि वीज गेली. इन्व्हर्टर होता, दिवे लगेच लागले, पण संगणक बंद होऊन पुन्हा चालू झाला. ऑल-इन-वन दिसतो लॅपटॉपसारखा, पण त्याच्या पोटात बॅटरी नसते. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस. नॉर्मलवर तो वीज गेल्यावर अदलाबदल जरा सावकाश करतो, यूपीएसवर झटकन. बटण यूपीएसवर केलं, संगणक बंद पडायचा थांबला. पण चार दिवसांनी लक्षात आलं की रात्री वीज असतानाही बॅटरी उतरते आहे. कारण यूपीएसवर केल्यावर इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज घेतच नाही, आणि आमच्याकडे रात्री वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १७०वर येतो. म्हणजे पंख्यात वीज आहे, आणि इन्व्हर्टर मात्र ती नाकारून बॅटरी खातो आहे.

यावर उपाय म्हणून इन्व्हर्टर परत नॉर्मलवर केला आणि फक्त संगणकासाठी ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतला. हा यूपीएस कमी व्होल्टेज आल्यावर लगेच बॅटरीवर जात नाही, आतल्या आत व्होल्टेज चढवून पुढे देतो. खरं तर संगणकाचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, त्यावर छापलेलंच असतं, त्यामुळे कमी दाबाची त्याला भीती नाही. गरज होती ती वीज जाण्या-येण्याच्या क्षणापुरती. टॉवर असता तर मोठा यूपीएस लागला असता. या छोट्या यूपीएसवर माझा ऑल-इन-वन एकट्याने वीस-पंचवीस मिनिटं काढतो, आणि त्याच्या मागे इन्व्हर्टर आहेच.

मे महिना मला सगळ्यांत जास्त काळजीचा होता. पुस्तिकेत लिहिलंय की यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरावं. आमच्याकडे बाहेर ४५ असतं आणि कवेलूच्या घरात दुपारी दोनला ४०च्या खाली येत नाही. पहिल्या आठवड्यात अर्धा तास माइनक्राफ्ट खेळल्यावर फ्रेम अचानक निम्म्यावर यायच्या. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की तो जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, त्याचा तो परिणाम. कूलर सरळ यंत्रावर सोडायची सूचना घरातल्या प्रत्येकाने केली. मी ते होऊ दिलं नाही. कूलरच्या वाऱ्यात पाण्याचे कण असतात आणि आमचं पाणी क्षाराचं. जाळीवर पांढरे डाग दिसतात तेच बोर्डावर बसले असते. कूलर खोली थंड करेल, यंत्रावर फुंकणार नाही, असा कोपरा शोधला. दुपारी बारा ते पाच खेळ बंद. आणि माइनक्राफ्टच्या सेटिंगमध्ये कमाल फ्रेम ६०वर अडवल्या. आधी ते यंत्र विनाकारण ऐंशी-नव्वदपर्यंत धावत होतं आणि तापत होतं, आपल्या डोळ्याला त्या पडद्यावर त्याचा काही उपयोग नव्हता. या एका बदलाने पंख्याचा आवाजही उतरला. पोरीने सुट्टीभर एक आख्खं गाव बांधलं, त्यात विहीर, बंडी आणि आमच्या घरासारखी सपरी आहे.

आता पुन्हा पऱ्हाटी फुटली आहे. पहिला वेचा समोरच्या खोलीत आला, त्याआधी मी संगणक माजघराच्या आतल्या भिंतीला नेला. बंद असताना त्यावर बायकोने जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकण असतं, चालू करताना ते पूर्ण काढायचं हा नियम. दर पंधरा दिवसांनी यंत्र बंद करून मागच्या जाळीवरून रंगाचा मऊ ब्रश फिरवतो. परवा फिरवला तर बोटभर तंतू निघाले, वातीसारखे. हे नसतं केलं तर डिसेंबरपर्यंत पंख्याचा श्वास कोंडला असता.

बचत गटाच्या सतरा बायकांचा हिशोब त्याच्यावर लागला आहे. महिन्याच्या दहा तारखेला त्या सपरीत बसतात आणि बायको पडद्यावर प्रत्येकीचं नाव काढून दाखवते. संगणकाची पाठ भिंतीला, तोंड सपरीकडे, आणि दार उघडं.

रविवारी रात्री नऊला भाऊ येतो. नेट एवढ्याला पुरतं, या खेळाला खेळताना डेटा फार लागत नाही. आता आमचं बोलणं लांबतं, कारण हात खेळात असतात आणि तोंड मोकळं. मागच्या रविवारी बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले. बराच वेळ घोडे, भिंती, जळणारी घरं पाहत राहिले. मग विचारलं, "हे तुमी कुठं शिकले?" मी सांगितलं, हिंगणघाटला, कापूस न्यायचो तेव्हा. बाबा थोडा वेळ गप्प होते.

"म्हणजे आलुबोंडे खाल्लेच नाही तुमी?"

स्पीकरमधून पुण्याहून भावाचं हसणं ऐकू आलं, आणि त्या नादात माझ्या भिंतीचं उत्तरेकडचं फाटक उघडं राहिलं. तो घोडदळ घेऊन आत शिरला.